तर आणि तरच

'पाऊस पडला तर पीक येईल' आणि 'पाऊस पडला तरच पीक येईल' या दोन वाक्यांत फरक काय, हे मराठवाड्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याच्या पोराला विचारा. पहिलं वाक्य आश्वासन आहे आणि ते बहुधा खोटं ठरतं. पाऊस पडूनही बोंडअळी येते, काढणीच्या तोंडावर गारपीट होते. दुसरं वाक्य अट आहे आणि कोरडवाहू रानात तरी ते शंभर टक्के खरं आहे. हा फरक त्या पोराला कुणी शिकवलेला नसतो. 'च' हे एक अक्षर कुठे बसलं की वाक्य कसं फिरतं, हे त्याला बोलायला यायला लागल्यापासून माहीत असतं.

तेच पोरगं पुढे बी.एस्सी. होऊन एम.एस्सी. गणिताला येतं. पहिल्या सत्रात फळ्यावर 'इफ' आणि 'ओन्ली इफ' येतात आणि त्याचा सगळा गोंधळ उडतो. काय गृहीत धरायचं आणि काय सिद्ध करायचं, याची तो अदलाबदल करतो. मग वही काढतो, सिद्धता जशीच्या तशी उतरवून घेतो आणि परीक्षेत तशीच उतरवून देतो. पुरेशी अट ('तर') आणि आवश्यक अट ('तरच') हे दोन्ही त्याला घरी येत होतं. वर्गाच्या दारात चपलांबरोबर तेही बाहेर राहिलं.

आमच्या स्टाफरूममध्ये यावर दोनच निदानं चालतात. एक म्हणजे 'इंग्रजी कच्चं आहे', दुसरं 'गणिताचा पाया कच्चा आहे'. मी गेली काही वर्षं एका पदव्युत्तर विभागात तासिका तत्त्वावर शिकवतो, आणि मला ही दोन्ही निदानं चुकीची वाटतात. माझं म्हणणं असं आहे की एम.एस्सी. गणिताची पुस्तकं मराठीत आणू नका, लेखी परीक्षाही मराठीत घेऊ नका. पण वर्गातला वाद, फळ्यावरची मांडणी आणि तोंडी परीक्षा या तीन गोष्टी मराठीत करा, आणि त्यांना गुण ठेवा.

एवढं वाचून दोन्हीकडचे लोक नाराज होतील याची मला कल्पना आहे.

आधी हे पोरगं अडतं कुठे ते बघू. आपल्याकडे अकरावी-बारावी विज्ञानाचं गणित इंग्रजी पुस्तकातूनच शिकावं लागतं. सेमी-इंग्रजीवाल्यांचं तर त्याच्याही आधीपासून. म्हणजे एम.एस्सी.ला येईपर्यंत किमान पाच वर्षं मुलगा इंग्रजीतून गणित करत आलेला असतो. मग अडचण एवढ्या उशिरा का यावी? कारण त्या पाच वर्षांतल्या बहुतेक गणिताला भाषा लागतच नाही. अवकलन करा, संकलन करा, समीकरण सोडवा, सारणीचा व्यस्त काढा. प्रश्नातलं एक क्रियापद ओळखलं की पुढचं सगळं चिन्हांत. बी.एस्सी.ला सिद्धता असतात, पण ठरलेल्या आठ-दहा, आणि त्या 'येतात' म्हणजे पाठ असतात. एम.एस्सी.त चित्र पालटतं. तिथे आकडेमोड जवळजवळ संपते आणि उरतात ती वाक्यं. प्रत्येक, एखादा, कोणताही, असा की, कमीत कमी, जास्तीत जास्त. त्या वाक्यांतला क्रम हाच विषय असतो.

उदाहरण घेतो, कारण उदाहरणाशिवाय हे बोलणं हवेत राहील. कंटिन्युइटी आणि युनिफॉर्म कंटिन्युइटी या दोन व्याख्या विश्लेषणाच्या पेपरात हमखास येतात. कंटिन्युइटी म्हणजे क्ष थोडा हलवला तर फंक्शनची किंमतही थोडीच हलते; किंमत किती हलू द्यायची तो एप्सायलॉन, त्यासाठी क्ष फार तर किती हलवायचा तो डेल्टा. दोन्हींत तेच एप्सायलॉन, तेच डेल्टा, तीच असमानता. इंग्रजीत त्या एकाखाली एक लिहिल्या तर फरक एवढाच दिसतो की एक शब्दसमूह आधी आला की नंतर. मुलं हे दोन परिच्छेद दोन वेगळ्या कवितांसारखे पाठ करतात.

मराठीत हेच सांगायचं तर आपल्याकडे एक अस्त्र आहे, द्विरुक्ती. साध्या कंटिन्युइटीत ज्या त्या बिंदूला ज्याचा त्याचा डेल्टा असतो. युनिफॉर्ममध्ये सगळ्या बिंदूंना मिळून एक डेल्टा पुरतो. 'ज्याचा त्याचा' म्हटलं की डेल्टा बिंदूवर अवलंबून आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही, ते शब्दातच आहे. मी वर्गात तलाठ्याचं उदाहरण देतो. गावागावाला ज्याचा त्याचा तलाठी असणं वेगळं आणि सगळ्या गावांना मिळून एक तलाठी असणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराचा अनुभव पोरांना भरपूर असल्यामुळे वर्ग हसतो, पण नंतर विसरत नाही.

मग क्षचा वर्ग हे फंक्शन घ्या. एप्सायलॉन १ धरला, तर क्ष १००० असताना डेल्टा साधारण १/२००० इतका बारीक घ्यावा लागतो. क्ष १० लाख असेल तर १/२० लाख. जितकं गाव लांब, तितका त्या तलाठ्याचा हात आखूड. सगळ्यांना पुरेल असा एक सापडतच नाही, म्हणून संपूर्ण वास्तव रेषेवर हे फंक्शन युनिफॉर्मली कंटिन्युअस नाही. तालुक्याला मात्र दोन्हीकडून हद्द असली, म्हणजे अंतराल (इंटरव्हल) बंदिस्त आणि मर्यादित असलं, की एक पुरतो. का पुरतो, याचं उत्तर शोधत गेलं की थेट कॉम्पॅक्टनेस या संकल्पनेपर्यंत पोचता येतं. लक्षात घ्या, यात मी 'कॉम्पॅक्ट'ला मराठी शब्द शोधलेला नाही, कंटिन्युइटीलाही नाही. नामं इंग्रजी राहिली, वाक्य मराठी झालं.

असंच 'एक' आणि 'एकच' यांचं. एखाद्या समीकरणाला एक उत्तर आहे म्हणणं आणि एकच उत्तर आहे म्हणणं या दोन वेगळ्या सिद्धता आहेत, अस्तित्वाची आणि अनन्यतेची. इंग्रजीत दुसऱ्यासाठी 'वन अँड ओन्ली वन' असा लांबलचक प्रकार करावा लागतो, आपण एका 'च'वर भागवतो. 'जर-तर' आणि 'तरच' यांचं वर सांगितलंच. गणितातली 'इफ अँड ओन्ली इफ' ही सगळ्यांत भीतीदायक समजली जाणारी रचना मराठीत 'तर आणि तरच' इतकी सोपी आहे. शाळेत आपण ती वाचलेलीही असते.

पण मराठीची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. मराठीही फसवते. 'सगळी मुलं आली नाहीत' याचा अर्थ काही आली, काही नाही. की एकही आलं नाही? बोलताना आवाजाच्या चढउतारावरून कळतं, कागदावर कळत नाही. एम.एस्सी.च्या निम्म्या चुका अशाच नकारात्मक विधानांत होतात. 'प्रत्येक'चा नकार 'एकही नाही' असा करून मुलं मोकळी होतात, खरा नकार 'निदान एक तरी असा आहे की जो नाही' हा असतो. 'किंवा'चंही तसंच. हॉटेलात चहा किंवा कॉफी म्हणजे दोन्हींतलं एक, गणितात दोन्हीही चालतं. म्हणजे बोली मराठी जशीच्या तशी उचलून चालणार नाही. ती घासावी लागेल. पण घासायला हातात काहीतरी असावं लागतं. पाठ केलेलं इंग्रजी वाक्य घासता येत नाही, ते फक्त आठवतं किंवा आठवत नाही.

आता मराठीप्रेमींच्या नाराजीकडे वळतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर मातृभाषेतून उच्च शिक्षणाला जोर आला. २०२१ पासून एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने अभियांत्रिकीची पदवी मराठीसह अनेक भारतीय भाषांतून शिकवायला परवानगी दिली. हे वारं एम.एस्सी.पर्यंत आलं तर ते कशाच्या रूपात येईल याचा मला अंदाज आहे: जाडजूड भाषांतरित पुस्तकं. त्यांत इंग्रजी वाक्याची रचना तशीच असेल आणि नामं तेवढी संस्कृतातून घडवलेली. म्हणजे मुलाला जे अवघड होतं ते तसंच राहणार आणि जे सोपं होतं, 'ग्रुप', 'रिंग', 'फील्ड' हे बीजगणितातले दोन अक्षरी शब्द, ते अवघड होणार. प्राध्यापकी आणि संशोधनवृत्तीसाठी द्यावी लागणाऱ्या सीएसआयआरच्या नेट परीक्षेची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदी अशी दोन्ही भाषांत असते. त्यातली हिंदी बाजू एकदा वाचून बघा. व्याकरणाने ती आपल्या जवळची आहे, तरी माझा एकही विद्यार्थी तिच्याकडे ढुंकून बघत नाही.

गणिताच्या मराठीवर आपण भांडतोच नाही असं नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' असं संख्यावाचन आलं आणि महाराष्ट्र पेटला. विधिमंडळापर्यंत ते गाजलं. गणित विषय समितीच्या तेव्हाच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्यामागचं कारण शांतपणे सांगितलं होतं: बोलताना एकक आधी आणि लिहिताना दशक आधी, याने लहान मुलं गोंधळतात. मुद्दा पटो न पटो, तो मुद्दा होता. मला त्या गदारोळाचा हेवा वाटतो. सात वर्षांच्या मुलाने सत्तावीस कसं म्हणावं यावर अख्खं राज्य बोललं. बावीस वर्षांच्या मुलीला 'असा एक डेल्टा अस्तित्वात आहे की' हे कोणत्या भाषेत कळेल, यावर कुणी पत्रही लिहीत नाही.

खरं तर हा वाद मुंबई विद्यापीठापेक्षाही जुना आहे. १८२० च्या दशकात जॉर्ज जर्व्हिस या लष्करी अभियंत्याने शास्त्र्यांच्या मदतीने गणिताची इंग्रजी पुस्तकं मराठीत आणली आणि मुंबईत त्यांवर मुलं शिकवली. पुढे १८४० च्या दशकात शिक्षण मंडळात तो मराठीच्या बाजूला आणि अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूला, असा माध्यमाचा सामना झाला. जगन्नाथ शंकरशेट जर्व्हिसच्या बाजूने उभे राहिले. जिंकले पेरी. खालचं शिक्षण देशी भाषेत आणि वरचं इंग्रजीत, ही तेव्हा पडलेली वाटणी आपण आजवर मोडलेली नाही. १८५७ मध्ये विद्यापीठ आलं ते याच वाटणीवर. (त्या विद्यापीठाच्या आरंभीच्या पिढ्यांत लोकमान्य टिळकही होते. गणितात बी.ए. पहिल्या वर्गात, आणि गणिताचं एम.ए. मात्र अर्धवट टाकून वकिलीकडे. पहिल्या सत्रानंतर एमपीएससीकडे वळणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी हे मुद्दाम सांगत नाही.)

जर्व्हिसचं काय चुकलं असेल तर ते इतकंच, की त्याने पुस्तकावर भर दिला. १८२० ला तो बरोबरही असेल. आज पुस्तकं, व्हिडिओ, पीडीएफ यांचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो कुणासमोर तरी तोंड उघडून चुकण्याच्या जागेचा.

इंग्रजीवाल्यांचा आक्षेप जास्त वजनदार आहे. गणिताचं संशोधन इंग्रजीत, टीआयएफआर असो की आयसर, अशा संशोधन संस्थांत मुलाखतही इंग्रजीत. आपली मुलं मराठीत वाद घालत बसली तर तिथे तोंडघशी पडतील, असं ते म्हणतात. या भीतीवर मला पोलंडचं उदाहरण द्यावंसं वाटतं. पहिल्या महायुद्धानंतर तो देश नव्याने उभा राहिला. १९२० मध्ये वॉर्सात त्यांनी संचशास्त्राला आणि त्याच्या आसपासच्या विषयांना वाहिलेलं गणिताचं नियतकालिक काढलं, आणि त्यातले लेख ठेवले फ्रेंच, जर्मन, इंग्रजीत. जगाने वाचावं म्हणून. पण बोलणं? ल्वूफ शहरात, जे आज युक्रेनमध्ये आहे, गणितज्ञ स्टेफान बानाख आणि मंडळी स्कॉटिश कॅफेत बसून संगमरवरी टेबलांवर पेन्सिलीने गणितं मांडत. पुसलं जातं म्हणून १९३५ मध्ये एक जाड वही आणली गेली आणि ती कॅफेतच राहू लागली. तिच्यातल्या बहुतेक नोंदी पोलिशमध्ये. १९३६ मध्ये त्यांच्यातल्याच माझूरने तिच्यात एक प्रश्न लिहिला आणि बक्षीस ठेवलं जिवंत हंस. तो प्रश्न १९७२ मध्ये पेर एन्फ्लो या स्वीडिश गणितज्ञाने सोडवला, आणि त्याला वॉर्सात खरोखर हंस मिळाला. पोलिशमध्ये भांडल्यामुळे ती मंडळी जगाच्या मागे पडली असं कुणी म्हणणार नाही. बानाखचं नाव तर एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आमच्या पोरांना रोज घ्यावं लागतं.

बानाख आणि आमचा विभाग यांची तुलना करण्याइतका मी वेडा नाही. मुद्दा एवढाच की छापण्याची भाषा आणि भांडण्याची भाषा वेगळी असू शकते, आणि दुसरी नसेल तर पहिलीत लिहिण्यासारखं काही उरत नाही.

आणि परीक्षेचंच म्हणाल, तर नेटच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकेतला भाग 'क' बघा. ६० प्रश्न, त्यांतले २० सोडवायचे, प्रत्येकाला ४.७५ गुण, म्हणजे २०० पैकी ९५ गुण या एका भागात. प्रत्येक प्रश्नाखाली चार विधानं, त्यांतली कितीही बरोबर असू शकतात, आणि सगळी बरोबर ओळखली तरच गुण. (इथेही 'तरच'.) चूक झाली तर गुण कापत नाहीत, तरी इथेच आमची मुलं आडवी होतात. कारण ही गणितं नसतात, विधानं असतात. 'प्रत्येक'च्या जागी 'एखादा' आला की खरं खोटं होतं. ही परीक्षा पाठांतराने निघत नाही, वाक्य उलटसुलट करून बघणाऱ्याला निघते. त्या उलटसुलट करण्याचा सराव कोणत्या भाषेत होणार आहे? ज्या भाषेत तो मुलगा बापाशी हुज्जत घालतो, त्याच.

एक आक्षेप मात्र मला पूर्ण परतवता येत नाही. कोणाची मराठी? मुंबई-पुण्याच्या वर्गात चार भाषांची मुलं असतात, तिथे मराठीचा आग्रह धरणं म्हणजे एकाचं दुखणं दुसऱ्याला देणं. गोव्याच्या मुलाच्या मनात कोकणी चालू असते. नंदुरबारच्या पाड्यावरून आलेल्या भिलाच्या मुलीला किंवा भामरागडच्या माडियाला प्रमाण मराठी ही शाळेत शिकलेली दुसरी भाषा आहे, इंग्रजी तिसरी. तिला मी मराठीत बोल म्हणालो तर पेरींनी आपल्याला सांगितलं तेच मी तिला सांगतो आहे. म्हणून नियम मराठीचा नको, मुभा हवी. ज्या वर्गात जी भाषा सगळ्यांची, ती. नांदेड, लातूर, जळगाव, साताऱ्याच्या बहुतेक वर्गांत ती मराठी आहे, हे न बघता सगळ्यांना एकच परिपत्रक लावण्यात अर्थ नाही.

वेळ कुठून आणायचा, हे विचारणारे प्राचार्य मला भेटले आहेत. नव्या आराखड्यात एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला ४ क्रेडिटचं रिसर्च मेथडॉलॉजी आणि ४ क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्ट आहे. रसायनशास्त्राचा मुलगा कारखान्यात जाईल. गणिताचा कुठे जाणार? तो ओळखीच्या क्लासमधून किंवा पतसंस्थेतून पत्र आणतो, वीस पानांचा अहवाल बाइंडिंग करून देतो, आणि आम्ही सही करतो. हे सगळ्यांना ठाऊक आहे. हे तास मला द्या. आठवड्याला दोन तास, दहा-बारा जणांची तुकडी, हातात वही नाही. एकाने फळ्यावर उभं राहून एक व्याख्या किंवा एक सिद्धता मराठीत समजावायची, बाकीच्यांनी 'का?' विचारायचं, आणि शेवटी त्याच पोराने तेच विधान शुद्ध इंग्रजीत लिहून दाखवायचं. अंतर्गत गुण यावर द्यायचे. नाहीतरी आज ते हजेरी आणि 'असाइनमेंट'वर, म्हणजे एकीची वही बाकी अकरा जणींनी उतरवल्याबद्दल देतो.

यासाठी शिक्षक मात्र लागतात आणि तिथे माझं म्हणणं भाषेच्या प्रश्नातून बाहेर पडून पैशाच्या प्रश्नात शिरतं. सत्तर जणांच्या वर्गाच्या सहा तुकड्या करायला माणसं हवीत. रिकाम्या जागा तासिका तत्त्वावर भरून निघतात, आणि तासिका तत्त्वावरच्या माणसाला फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या घड्याळी तासाचे पैसे मिळतात. व्याख्यान उरकायला इंग्रजी पुस्तकातलं फळ्यावर उतरवणं सगळ्यांत स्वस्त पडतं, कारण तिथे कुणी मध्येच काही विचारत नाही. मराठीत शिकवायला लागलं की पोरं विचारतात. मग शिक्षकालाही खरोखर यावं लागतं. माझ्या बऱ्याच सहकाऱ्यांचा मराठीला विरोध इंग्रजीच्या प्रेमापोटी नसून या भीतीपोटी आहे, असं मला वाटतं. पहिली दोन वर्षं मलाही ती होती.

गेल्या वर्षी मी आपल्या मनाने दर बुधवारी दुपारी असा एक तास सुरू केला. सुरुवातीला पाच जण, सत्राच्या शेवटी चौदा. निकालात काय फरक पडला हे सांगण्याइतकी ती संख्या नाही, आणि मी सांगणारही नाही. एवढं मात्र झालं की एका मुलीने क्षच्या वर्गाची सिद्धता लिहिताना मध्येच मान वर करून विचारलं, "सर, हा डेल्टा मी आधी निवडला तर बिंदू मला नंतर निवडता येईल ना, मुद्दाम लांबचा?" अख्खी सिद्धता त्या प्रश्नात आहे. दोन वर्षं ती माझ्या व्याख्यानांना बसली होती आणि तोवर तिने एकही प्रश्न विचारला नव्हता.

यंदाही बुधवार चालू आहे. तो तास वेळापत्रकात नाही, त्यामुळे बिलातही नाही.